आठवीच्या मुलांना भूकंपाची व्याख्या येते, चित्र मात्र चुकतं. काय करावं?

पाटणखोरे
पूर्वचाचणीत 'भूकंप म्हणजे काय' याचं उत्तर जवळपास सगळ्यांनी पुस्तकातलं, बिनचूक लिहिलं. 'जमिनीखाली काय होतं ते काढून दाखवा' म्हटल्यावर मात्र तीनच प्रकारची चित्रं आली. एकात जमीन फाटून माणसं आत पडतायत, दुसऱ्यात खाली लाल लाव्हा आणि त्यावर जमीन तरंगतेय. तिसरं आपल्याकडचं खास: धरणाच्या वजनानं जमीन खचतेय. शिवाय तोंडी विचारलं की 'छोटे धक्के बसत राहिले की मोठा बसत नाही' हे ठरलेलं. आधी काय दुरुस्त करावं, आणि कशानं? साहित्य शाळेत मिळेल असं सांगा.

काळवत्री
सर, लाव्ह्याचं नंतर बघू. खडक अडकून राहतो आणि मग एकदम सुटतो, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की निम्मी चित्रं आपोआप सुधारतात.

अर्धी वीट घ्या, दीड किलोच्या आसपास भरते. चार फुटी फळीवर पॉलिश पेपर खिळ्यांनी ताणून बसवा, त्यावर वीट ठेवा. विटेला सुतळीनं सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद, हातभर लांब पट्टी बांधा. पट्टीचं दुसरं टोक लाटण्याला गुंडाळा आणि एका मुलाला लाटणं अगदी सावकाश, एकाच गतीनं फिरवायला सांगा. पट्टी ताणत जाते, वीट ढिम्म हलत नाही, आणि मग खाड्‌कन दोन-चार बोटं पुढे सरकते. लाटण्याची गती तीच, वीट मात्र धक्क्यानंच जाते. प्रत्येक उडी मोजपट्टीनं मोजून वहीत लिहायची आणि पुढची कधी, केवढी होईल ते आधी सांगायचं. पाच-सहा उड्यांत अंदाज चुकायला लागतात. भूकंपाचं भाकीत का जमत नाही, यावर मग वेगळं व्याख्यान लागत नाही.

बिघडतं ते दोन ठिकाणी. ट्यूबऐवजी दोरी बांधली तर ताण साठत नाही, वीट नुसती घसटत येते. आणि पंधरा-वीस उड्यांनंतर विटेचा भुगा कागदात भरतो, उड्या बारीक होतात. मधूनमधून ब्रशनं झाडा.

लाव्ह्याला उत्तर एका वाक्यात: प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, घन खडकाचं आहे. भूकंपाच्या द्वितीयक (मागाहून पोचणाऱ्या) लहरी द्रवातून जात नाहीत, तरी प्रावरणातून जातात. त्या अडतात प्रावरणाखालच्या द्रव बाह्यगाभ्याशी. पुस्तकात प्रावरण लाल रंगवलेलं असतं, म्हणून हा घोळ.

शिराळा_विज्ञान
धरणाच्या वजनाचं उत्तर पूर्ण चूक नाही, 'चूक' म्हणून खोडू नका. कोयना धरणात पाणी साठायला १९६२ च्या सुमारास सुरुवात झाली आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ महत्तेचा (महत्ता म्हणजे भूकंपाचा मूळ जोर) भूकंप झाला. पण ताण खडकात आधीपासूनच होता. वजनाची थोडी भर पडते. शिवाय पाणी भेगांतून खोल झिरपतं, तिथला दाब वाढतो आणि एकमेकींवर दाबून बसलेल्या कडा सैल होतात. हे दाखवायला स्टीलचा पेला गरम पाण्यानं विसळून ओल्या ओट्यावर उपडा ठेवा. आतली हवा तापून फुगते, पेला किंचित उचलला जातो आणि कुणी हात न लावता सरकतो. पेल्याचं वजन तेच, घर्षण तेवढं गेलं. ओटा मात्र किंचित उताराचा आणि पेल्याची कड सपाट हवी, चेमटलेला पेला जागचा हलणार नाही.

छोट्या धक्क्यांचा हिशेब फळ्यावर मांडा. महत्ता एकानं वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट. म्हणजे ६ च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा बाहेर पडायला ४ चे हजारभर धक्के लागतील. वर्गातलं कुणीतरी स्वतःच म्हणतं, 'मग एवढ्यानं काय होणार!'

महत्ता आणि तीव्रता यांचा गोंधळ मुलांचा कमी, वर्तमानपत्रांचा जास्त, 'तीव्रता ३.४ रिश्टर' असं सर्रास छापतात. जत्रेतला ढोल एकच, पण देवळापाशी कानठळ्या बसतात आणि रानात जेमतेम ऐकू येतो. ढोल किती जोरात बडवला ती महत्ता, कुठे किती ऐकू आला ती तीव्रता. रिश्टर हे मोजमाप आहे, यंत्र म्हणजे भूकंपमापक.

काळवत्री
वरच्याला जोडून एक गणित. कवचात प्राथमिक (आधी पोचणारी) लहर सेकंदाला साधारण ६ किमी, द्वितीयक ३.५ किमी. दोन्ही पोचण्याच्या वेळेत जितक्या सेकंदांचा फरक, त्याला ८ नं गुणलं की भूकंपाच्या जागेपासूनचे किलोमीटर मिळतात. कोयनानगरला धक्का बसला तर पाटणला हा फरक २ सेकंदांचा, कराडला ६, सांगलीला १३. नकाशावर पट्टीनं सरळ अंतर मोजायचं, रस्त्याचं नाही. सगळ्यांचं इथंच चुकतं.

कराडकर_स्थापत्य
भूकंपाचा सराव घेताना 'बाकाखाली शिरा' हे सूत्र आपल्या बऱ्याच शाळांत चालत नाही. खालच्या वर्गांत मुलं सतरंजीवर बसतात, बाकच नसतात. अशा वर्गात खिडकी आणि कपाटापासून लांब, आतल्या भिंतीकडे गुडघ्यावर वाकायचं आणि दप्तर डोक्या-मानेवर धरायचं. हलणं थांबेपर्यंत पळायचं नाही. कौलारू शाळेत तर पडवीतून पळणं सगळ्यांत वाईट, कौलं आधी कडेची सुटतात. थांबल्यावर मैदानात, भिंतीच्या उंचीच्या दीडपट तरी लांब.

सरावाआधी लोखंडी कपाट वरच्या बाजूला दोन एल-क्लॅम्पनी भिंतीला जखडा, आणि वरचे ढाल-करंडक, पृथ्वीगोल खाली काढा. विटांच्या भिंतीत स्क्रू गिलाव्यात नाही, विटेत गेला पाहिजे.

पाटणखोरे
विटेचा प्रयोग सोमवारी लावतो. पॉलिश पेपर ८० नंबर की १२०?

काळवत्री
८०. १२० लवकर भरतो.