मदत हवी आहे: गुडघ्याचं टी-टू मॅपिंग पाच मिनिटांत उरकतं का?

नमस्कार मंडळी,

फिजिओथेरपीत एमपीटी (मास्टर्स) करतेय. प्रबंधासाठी साठीच्या आसपासच्या बायकांच्या गुडघ्यांचे एमआरआय चाललेत, 3 टेस्लाच्या मशीनवर. सगळ्या केलग्रेन-लॉरेन्स ग्रेड 1 नाहीतर 2, म्हणजे एक्स-रेवर झीज अगदी सुरुवातीची. एक्स-रेत कार्टिलेज (हाडांच्या टोकांवरची कूर्चा) दिसत नाही, दिसते ती हाडांमधली फट. कार्टिलेजमधलं कोलॅजन तंतूंचं जाळं विस्कटून पाणी वाढलं की टी-टू (एमआरआयचा सिग्नल किती वेळात विरतो तो आकडा) वाढतो, तेही जाडी कमी व्हायच्या आधी. म्हणून हा खटाटोप.

घोडं अडलंय वेळेपाशी. मल्टी-एको स्पिन एकोला (टी-टू मोजायचा स्कॅन; एको म्हणजे शरीरातून परत येणारा सिग्नल) आमच्याकडे 11 मिनिटं लागतात, तेही नेहमीचे सिक्वेन्स (स्कॅनचे प्रकार) झाल्यावर. परवा एक काकू होत्या. कॉइलमध्ये गुडघा बसवला, बाजूंनी स्पंज खुपसले. आठव्या मिनिटाला त्यांनी पाय जरासा ओढला. "मुंग्या आल्या गं, किती वेळ धरू?" मॅप (टी-टूचं रंगीत चित्र) उघडला तर कार्टिलेजच्या कडेला सांध्यातलं पाणी मिसळलेलं. पाण्याचा टी-टू कितीतरी जास्त, त्यामुळे धडधाकट कार्टिलेजही लालभडक!

स्टॅनफर्डच्या गटाच्या क्यूडेसबद्दल वाचलं, म्हणजे डेस नावाच्या सिक्वेन्सचाच एक प्रकार. डेसचे दोन एको वेगवेगळे ठेवले की साधारण 5 मिनिटांत जाडीही मोजता येते आणि टी-टूही. अमेरिकेतल्या ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह या गुडघ्याच्या संधिवाताच्या अभ्यासात 4796 जण होते, तिथेही डेस होता. पण दोन्ही एको एकत्र करून ठेवलेले, म्हणून टी-टूसाठी सात एकोंचा निराळा सिक्वेन्स घ्यावा लागला.

आमच्या मशीनवर डेस आहे. एको सुटे जतन करायचं कुठे असतं? आणि आधीच्या 9 जणींचे आकडे नव्यांच्या पंक्तीला बसवले तर चालेल का? (गाइड म्हणतात "बघू". म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच.)

प्रतिसाद:
नाही चालणार. सिक्वेन्स बदलला की त्याच गुडघ्याचा टी-टू वेगळा येतो. पाच-सहा जणींचे दोन्ही सिक्वेन्स काढा, फरक किती ते आधी बघा. एको सुटे ठेवायची सोय प्रत्येक मशीनवर नसते, कंपनीच्या ॲप्लिकेशनवाल्याला (मशीन वापरायला शिकवणाऱ्याला) बोलवा.

तोवर फुकटातला उपाय: मॅप शेवटी का घेता? आधी घ्या. काकू ताज्या असतात तेव्हाच. आणि जिना चढून आलेल्या बाईला लगेच आत घेऊ नका, अर्धा तास बसवा. भार पडला की कार्टिलेजमधलं पाणी दबतं, टी-टू उतरतो.

धागाकर्ती:
अरे देवा. आमचं सेंटर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद.