शिडाच्या बोटींच्या क्लबात जॉइनिंग फी घ्यावी का? मदत हवी आहे

मंडळी, जरा सल्ला द्या. आम्ही आठ-नऊ जण कोल्हापूरजवळच्या एका तलावावर शिडाच्या बोटी चालवतोय. एक जुनी लेझर, म्हणजे एकट्यानं चालवायची छोटी शिडाची बोट आहे आणि दोन ऑप्टिमिस्ट, म्हणजे ती 2.3 मीटरची, एका शिडाची, 15 वर्षांपर्यंतच्या पोरांची बोट. आता क्लब रीतसर रजिस्टर करायचाय, आणि वर्षाच्या वर्गणीशिवाय नवीन मेंबरकडून वेगळे 5000 घ्यायचे का यावर आमच्यात लई वाद चाललाय.

जुन्यांचं म्हणणं, बोटी आम्ही पदरमोड करून घेतल्या, नवीन माणूस आयत्या पिठावर रेघोट्या का ओढणार? खोटं नाही ते, मागच्या महिन्यात शीड फाटलं तर चप्पल शिवणाऱ्या मामांकडून मेणाच्या दोऱ्यानं शिवून आणलं, नवीन शिडाला पैसेच नव्हते. पण गेल्या रविवारी शिवाजी पेठेतनं एकजण पोराला घेऊन आलेला, पोरगं बोटीतनं उतरायला तयार नाही, आणि फीचा आकडा ऐकून बाप म्हणाला, "एवढ्यात तालमीचा खुराक येतोय की ओ!" अन् गेले दोघंबी. ते पोरगं अजून डोळ्यासमोरनं जात नाही.

मला वाटतंय पहिलं वर्ष नुसती वर्गणी घ्यावी, टिकला तर पुढं फी, तीबी हप्त्यानं, आणि पोरांना माफ. पण मग एक सीझन फुकट बोटी वापरून पळणाऱ्यांचं काय करायचं? डिपॉझिट घेऊन परत द्यायचं का? ट्रेकिंग, स्विमिंग, कुठलाबी क्लब चालवणाऱ्यांनी सांगा, तुमच्यात कसं करता?