सोसायटीचा हिशेब, बँक स्टेटमेंट आणि मराठी नोटिसा: एक्सेल-वर्डमध्ये वेळ नेमका कुठे वाचवता येतो?

दुसरा_मजला विचारतात:

तीन विंगची सोसायटी, १२८ सदनिका. ऑफिसातल्या संगणकावर विंडोज ११ आणि ऑफिस २०१९ आहे. दर महिन्याला बँकेचं स्टेटमेंट सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलीत) उतरवायचं, कुठल्या सदनिकेचा मेंटेनन्स आला ते लावायचं आणि थकबाकीदारांना मराठीत नोटीस छापायची, एवढंच काम. त्यात पूर्ण दोन दिवस जातात.

‘१०० उपयुक्त शॉर्टकट’ छापाच्या याद्या नकोत. कंट्रोल+सी, कंट्रोल+व्ही, कंट्रोल+झेड येतात. अडचणी अशा:

यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक एक्सेलमध्ये 4.12E+11 असा दिसतो. काही तारखा डावीकडे चिकटतात, काही उजवीकडे. रकमांची बेरीज शून्य येते. व्हीलुकअप (दुसऱ्या यादीतून जुळणारी नोंद शोधून आणणारा फॉर्म्युला) लावलं की डोळ्यांसमोर असलेली सदनिकाही ‘सापडत नाही’. आणि टाइप करताना कळफलक अधूनमधून आपोआप मराठीचा इंग्रजी होतो.

यातलं काय शॉर्टकटने सुटेल आणि काय मुळातच चुकतंय?

---

जमाखर्च:

बरंचसं मुळात चुकतंय, आणि ते पहिल्याच पायरीला: सीएसव्हीवर डबल-क्लिक करून ती उघडणं. तसं केलं की एक्सेल न विचारता प्रत्येक रकान्याचा अर्थ लावतो. अकरा आकड्यांपेक्षा मोठी संख्या साध्या फॉरमॅटमध्ये घातांकात दाखवतो. बारा आकडी क्रमांक निदान आत शाबूत असतो, सेलचा फॉरमॅट नंबर करून दशांश शून्य केले की परत दिसतो. पण पंधरा आकड्यांपुढचं सगळं शून्य होतं आणि ते परत मिळत नाही. सोळा आकडी खाते क्रमांक असेल तर शेवटचा आकडा गेलाच म्हणायचा. सुरुवातीची शून्यंही जातात.

म्हणून फाइल अशी आत घ्या. कोरी वर्कबुक उघडा, डेटा टॅबवर ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’, फाइल निवडा. पुढच्या खिडकीत वर दोन गोष्टी बदला: फाइल ओरिजिनमध्ये ‘65001: युनिकोड (यूटीएफ-8)’ आणि डेटा टाइप डिटेक्शनमध्ये ‘डू नॉट डिटेक्ट’. मग लोड. आता सगळे रकाने मजकूर म्हणून येतात. शीर्षकाची ओळ खाली सरकून डेटात मिसळलेली दिसेल, त्याने काही बिघडत नाही. फाइलमध्ये मराठी नावं असतील आणि ती चौकोन किंवा अगम्य चिन्हं दिसत असतील, तर तेही 65001 ने सुटतं.

तारखांचं: विंडोजचा प्रांत अमेरिका असेल तर ०५/१२ ही ५ डिसेंबर न धरता १२ मे धरली जाते. १३ तारखेपासून पुढे तेरावा महिना नसल्यामुळे एक्सेल हात टेकतो आणि तारीख मजकूर म्हणून सोडून देतो. डावीकडे चिकटलेल्या तारखा या. लोक त्याच दुरुस्त करत बसतात. खरी चूक उजवीकडच्या, नीट दिसणाऱ्या तारखांत असते, कारण तिथे दिवस-महिना गुपचूप उलटलेले असतात. एकदा उलटल्यावर त्या दिसण्यावरून ओळखू येत नाहीत, फाइल नव्याने घ्यायची.

वरच्या पद्धतीने मजकूर म्हणून घेतलेला तारखेचा रकाना निवडा, ऑल्ट दाबून सोडा, मग ए, मग ई दाबा (एकामागून एक, एकत्र नाही). टेक्स्ट टू कॉलम्स उघडतं. पहिल्या पायरीत डिलिमिटेड, दुसरीत सगळ्या खुणा काढा, तिसरीत डेट निवडून ‘डीएमवाय’, फिनिश. शंभर ओळी असोत की दहा हजार, वेळ तेवढाच.

एक सावधगिरी: याच खिडकीत कधी स्वल्पविराम किंवा स्पेसची खूण वापरली असेल, तर एक्सेल बंद करेपर्यंत ती लक्षात ठेवतो, आणि नंतर पेस्ट केलेला कुठलाही मजकूर आपोआप तुकडे होऊन पडतो. एक्सेल बंद करून उघडलं की संपलं.

---

कळफलक_काका:

बेरीज शून्य येते म्हणजे रकमाही मजकूर आहेत. एका कोऱ्या सेलमध्ये 1 लिहा, तो कॉपी करा, रकमांचा रकाना निवडा, कंट्रोल+ऑल्ट+व्ही, मग एम (मल्टिप्लाय), एंटर. सगळं संख्येत बदलतं.

नाही बदललं तर रकमेच्या मागे-पुढे अदृश्य जागा चिकटलेली आहे. बँकेच्या पानावरून आलेल्या मजकुरात साध्या स्पेसऐवजी बहुधा १६० क्रमांकाची ‘न तुटणारी’ स्पेस असते. जादा स्पेस काढणारा ट्रिम फॉर्म्युला तिला हात लावत नाही, म्हणून लोक ट्रिमला नावं ठेवतात. कंट्रोल+एच उघडा, वरच्या चौकटीत ऑल्ट दाबून ठेवून उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर 0160 दाबा, खालची चौकट रिकामी, रिप्लेस ऑल. लॅपटॉपला आकड्यांचं पॅड नसेल तर सेलमध्ये एफ२ दाबून आत जा, ती रिकामी जागाच निवडून कॉपी करा आणि वरच्या चौकटीत पेस्ट करा. रकमेमागे ‘सीआर’ (म्हणजे जमा) लिहून येत असेल तर तेही असंच काढा.

आणि हो, रकमा देवनागरी आकड्यांत टाइप करू नका. एक्सेल १२५० ला मजकूर समजतो. छापताना देवनागरी हवे असतील तर टाइप इंग्रजीच करायचे आणि कंट्रोल+1 → कस्टममध्ये हे टाकायचं:

[$-4000439]0

आत संख्या संख्याच राहते, दिसते फक्त देवनागरीत. बेरीज-वजाबाकी चालते.

लाखाच्या स्वल्पविरामासाठी हे:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

---

जमाखर्च:

@कळफलक_काका, दुसरा फॉरमॅट ऋण रकमेला लागू होत नाही. उणे साडेबारा लाख असतील तर ती रक्कम तिसऱ्या भागात जाते आणि -1,250,000 अशी दहा लाखांच्या पाश्चात्त्य पद्धतीने दिसते. ताळेबंदात हे हमखास नजरेआड होतं. शिवाय शंभर कोटींपुढे पहिला स्वल्पविराम गळतो, पण सोसायटीला ती चिंता नसावी.

त्यापेक्षा सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → लँग्वेज अँड रीजन इथे रीजनल फॉरमॅट ‘इंग्लिश (इंडिया)’ करा. मग नेहमीचा स्वल्पविरामाचा फॉरमॅटच लाखात गट पाडतो, ऋण रकमांतसुद्धा, आणि तारखाही दिवस-महिना-वर्ष अशा समजल्या जातात. तुमचा कस्टम फॉरमॅट फाइल दुसऱ्याच्या संगणकावर पाठवायची असेल तेव्हा कामाचा.

---

सूत्रधार_३०२:

व्हीलुकअपबद्दल. ते न सापडण्याची कारणं वर आलीच: एकीकडे 302 ही संख्या, दुसरीकडे मजकूर, किंवा मागे स्पेस. चौथ्या जागी 0 (किंवा फॉल्स) दिलंय ना तेही पाहा. ती जागा सोडली तर एक्सेल ‘साधारण जवळचं’ शोधतो आणि क्रमाने न लावलेल्या यादीत भलत्याच सदनिकेची रक्कम बिनदिक्कत आणून ठेवतो. न सापडणं परवडलं.

पण या कामाला व्हीलुकअप हे हत्यारच चुकीचं आहे. ते पहिली नोंद सापडली की थांबतं. एखाद्या सभासदाने अर्धे पैसे ३ तारखेला आणि अर्धे १७ ला भरले, तर दुसरा हप्ता गायब आणि त्याला थकबाकीची नोटीस. मग कमिटीच्या बैठकीत जे व्हायचं ते होतं. इथे सम-इफ (अट जुळणाऱ्या सगळ्या रकमांची बेरीज करणारा फॉर्म्युला) वापरा: स्टेटमेंटमधला सदनिकेचा रकाना, तुमच्या यादीतली सदनिका, रकमेचा रकाना. सगळे हप्ते बेरजेत येतात, आणि 302 संख्या आहे की मजकूर यानेही त्याला फरक पडत नाही. रकमेचा रकाना मात्र खरोखरच्या संख्यांचा हवा, आणि ‘ए302’ च्या मागची स्पेस इथेही नडते. फॉर्म्युला खाली ओढण्याआधी दोन्ही रकान्यांचे पत्ते एफ४ ने डॉलर लावून पक्के करा. लॅपटॉपवर एफएन+एफ४ लागू शकतं.

सदनिका क्रमांक नॅरेशनमधून (स्टेटमेंटमधल्या व्यवहाराच्या वर्णनातून) वेगळा काढायला कंट्रोल+ई आहे. शेजारच्या रकान्यात पहिल्या दोन-तीन ओळींचे क्रमांक हाताने लिहा, पुढच्या सेलवर कंट्रोल+ई. एक्सेल नमुना ओळखून बाकीचे भरतो. हे २०१३ पासून आहे, म्हणजे तुमच्या २०१९ मध्ये आहेच. पण डोळे मिटून घेऊ नका. ज्यांनी नॅरेशनमध्ये सदनिका लिहिलीच नाही (असे महाभाग प्रत्येक विंगेत असतात) तिथे तो संदर्भ क्रमांकाचे तीन आकडे उचलून ठेवू शकतो. फिल्टर लावून यादीत नसलेले क्रमांक आधी पाहा. आणि हा फॉर्म्युला नव्हे, पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट टाकलं की पुन्हा करावं लागतं.

विंगचं नाव फक्त पहिल्या ओळीत आणि खाली रिकामे सेल, अशी यादी असेल तर: रकाना निवडा, कंट्रोल+जी → स्पेशल → ब्लँक्स → ओके. काहीही क्लिक न करता = दाबा, वरचा बाण दाबा, कंट्रोल+एंटर. सगळे रिकामे सेल वरच्या नावाने भरतात. त्यानंतर लगेच रकाना कॉपी करून कंट्रोल+ऑल्ट+व्ही, व्ही, एंटर असं फक्त मूल्य म्हणून परत चिकटवा. नाहीतर सॉर्ट केल्याबरोबर ए विंगेचे लोक सी विंगेत राहायला जातात. नव्या मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये यासाठी कंट्रोल+शिफ्ट+व्ही आहे, २०१९ मध्ये नाही.

---

वेलांटी:

कळफलक आपोआप बदलत नाही, डाव्या हाताला ऑल्ट+शिफ्ट एकत्र लागतं. सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → टायपिंग → ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज → इनपुट लँग्वेज हॉट कीज → चेंज की सीक्वेन्स, तिथे ‘नॉट असाइन्ड’ करा. बदलण्यासाठी विंडोज+स्पेस पुरेसं आहे. त्याच पानावर ‘प्रत्येक ॲपसाठी वेगळी इनपुट पद्धत’ अशा अर्थाचा चौकोन आहे, त्यावर टिक करा. मग वर्ड मराठीत राहतं, एक्सेल इंग्रजीत, आणि ऑल्ट+टॅबने ये-जा करताना भाषा बदलावी लागत नाही. मला तरी अख्ख्या धाग्यातला सर्वात जास्त वेळ वाचवणारा टिकमार्क हाच वाटतो.

आता एक खास मराठी दुखणं. ‘ॲड.’ दोन तऱ्हांनी टाइप होतं: एकच अक्षर ॲ, किंवा अ वर चंद्र. दिसायला सारखं, संगणकाच्या लेखी वेगळं. ‘तऱ्हा’, ‘कऱ्हाडे’ यांतला अर्धा र सुद्धा तसाच: कोणी ऱ आणि हलन्त वापरतं, कोणी र, हलन्त आणि मग अदृश्य जोडचिन्ह. कंट्रोल+एफ ने एक सापडतं, दुसरं नाही, आणि नावांवरून लावलेला कुठलाही फॉर्म्युला तिथे फसतो. म्हणून जुळणी नावावरून नाही, सदनिका क्रमांकावरूनच करा. यादी एकदा साफ करायची असेल तर कंट्रोल+एच ने एक रूप दुसऱ्यात बदलून टाका. इन्स्क्रिप्ट कळफलकावर (मराठी टायपिंगची एक मांडणी) ऱ साठी शिफ्ट+जे, मग डी (हलन्त), मग पुढचं अक्षर.

जुन्या नोटिसा कृतिदेव किंवा तशा फॉन्टमध्ये असतील तर त्या मुळात इंग्रजी अक्षरंच आहेत, फॉन्टने मराठीचा मुखवटा चढवलेला. युनिकोडमध्ये (कुठल्याही फॉन्टमध्ये मराठीच राहणाऱ्या अक्षरांत) बदलून घ्या आणि बदलल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, गडबड तिथेच होते.

नोटिशीत दर वेळी येणारा मजकूर (संस्थेचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, व्याजाचं कलम) विंडोज+व्ही मध्ये पिन करून ठेवा. पहिल्यांदा ‘टर्न ऑन’ विचारेल. त्यात २५ गोष्टी मावतात, संगणक बंद केला की बाकीच्या जातात, पिन केलेल्या राहतात. मात्र कॉपी केलेला पासवर्डही त्या यादीत दिसतो. ऑफिसचा संगणक चार जण वापरत असतील तर नेटबँकिंगनंतर ‘क्लिअर ऑल’ दाबा, पिन तरीही शाबूत राहतात.

---

दुसरा_मजला:

फाइल 65001 ने घेतली, तारखा आणि बेरीज दोन्ही जमल्या. सम-इफमुळे दोन हप्त्यांत भरणारे सगळे सापडले. आता एकच: नोटिसा मेल मर्जने (यादीतली नावं-रकमा एकाच पत्रात आपोआप भरणाऱ्या वर्डच्या सोयीने) काढतो, एक्सेलमध्ये 1250.10 असलेली रक्कम वर्डमध्ये 1250.0999999999999 अशी येते. तारीखही महिना आधी येते.

---

सूत्रधार_३०२:

मेल मर्ज एक्सेलचा आतला आकडा उचलतं, तुम्ही लावलेला फॉरमॅट नाही. वर्डमध्ये ऑल्ट+एफ९ दाबा, फील्ड (यादीतली माहिती जिथे भरली जाते त्या जागा) महिरपी कंसात उघडी दिसतील. रकमेच्या फील्डच्या नावानंतर, कंस बंद होण्याआधी, एक स्पेस सोडून हे लिहा:

\# "#,##0.00"

पुन्हा ऑल्ट+एफ९, मग प्रिव्ह्यू रिझल्ट्स एकदा बंद करून चालू करा. कंस हाताने टाइप केलेले चालत नाहीत, आधीच्या फील्डच्या आतच लिहायचं.

तारीख एक्सेलमध्येच मजकूर करून ठेवणं सोपं. आधी एकल अवतरणचिन्ह, मग 05/12/2025 असं टाइप केलं की ती जशीच्या तशी वर्डमध्ये जाते. सगळ्यांना एकच मुदत असेल तर तेवढंही नको, ती सरळ पत्रातच लिहा.

छापण्याआधी फिनिश अँड मर्जमध्ये थेट प्रिंटरला न पाठवता ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ घ्या आणि शून्य थकबाकीवाले एक्सेलच्या फिल्टरने नाही, मेल मर्जच्या ‘एडिट रेसिपियंट लिस्ट’मधल्या फिल्टरने गाळा. एक्सेलमध्ये लपवलेल्या ओळी वर्डला दिसतात.