ई^(आय·क्ष²) चं ० ते ∞ इंटिग्रल: उत्तर जुळतं, पण पायरी का खोडली?

प्रश्न (अमळनेर, एमएस्सी भाग १)
ई^(−अ·क्ष²) चं ० ते ∞ इंटिग्रल देणाऱ्या गाउसच्या ½√(π/अ) या सूत्रात अ = −आय घातलं (आय म्हणजे √−१). उत्तर √(π/८)·(१+आय) आलं, ते बरोबर आहे, पण तपासताना ती पायरी खोडली. शिवाय √(−आय) ची मुळं दोन, धरायचं कुठलं? संमिश्र प्रतलात बंद वाट म्हणून वरचं अर्धवर्तुळ घेतलं तर कंसावरचं इंटिग्रल शून्याकडे जातच नाही.

उत्तर (जळगाव)
भाऊ, खोडली ते योग्यच. अ चा वास्तव भाग धन असला तरच ते सूत्र सरळ लागतं. इथे तो ० आहे.

अर्धवर्तुळ सोड. झेड = र·ई^(आय·थीटा) घातलं की |ई^(आय·झेड²)| = ई^(−र²·साइन २थीटा). थीटा ९०° च्या पुढे गेला की साइन ऋण, आणि फंक्शन भडकतं. म्हणून ४५° चीच फाक घे: ० ते र, मग कंस, मग तिरक्या रेषेने परत ०. आत सिंग्युलॅरिटी (फंक्शन बिघडतं असा बिंदू) नाही, कोशीच्या प्रमेयाने बेरीज ०. तिरक्या रेषेवर झेड = ट·ई^(आय·π/४), म्हणून घातांक निव्वळ −ट² होतो आणि √π/२ हातात येतं; बाहेर ई^(आय·π/४) उरतं.

खरी मेख कंसात आहे. बरेच जण 'लांबी गुणिले कमाल मूल्य' लावतात. थीटा = ० ला मूल्य १ आणि लांबी πर/४, म्हणजे तो अंदाज र बरोबर वाढतच जातो. तिथे जॉर्डनची असमानता हवी: ० ते π/४ मध्ये साइन २थीटा ≥ ४थीटा/π. मग कंस π/(४र) पेक्षा कमी राहतो आणि शून्याकडे जातो. ही ओळ पेपरात लिहिलीच पाहिजे.

उत्तर (धुळे)
मुळाचं सांगतो. अ = ε − आय घे, ε धन. अशा अ साठी वास्तव भाग धन असलेलं मूळ एकच, आणि ε → ० करताना ते ई^(−आय·π/४) कडे जातं. मात्र लिमिट आत नेताना डॉमिनेटेड कन्व्हर्जन्सचा (वरून झाकणाऱ्या फंक्शनचं इंटिग्रल सान्त असावं लागतं असं प्रमेय) हवाला देऊ नका: |ई^(आय·क्ष²)| = १, आणि १ चं इंटिग्रल अनंत. आधी १ ते र वर खंडशः इंटिग्रेशन करा. १/क्ष² येतं आणि अभिसरण दिसतं.

प्रश्नकर्ता
मग ई^(आय·क्ष) ला हेच चालेल?

उत्तर (जळगाव)
नाही. त्याचं ० ते र इंटिग्रल (ई^(आय·र) − १)/आय, ते वर्तुळावर फिरत राहतं, लिमिटच नाही.

आणि कॉम्प्युटरवर पडताळशील तर: र = १० ला तोडलं की सुमारे ०.०५ ची चूक राहते. आय·ई^(आय·र²)/(२र) मिळव, मग ती ०.०००२५ च्या आसपास येते. दोन्ही भाग ०.६२६७ कडे यायला हवेत.