द लाँग डार्क नुकताच घेतलाय, मिस्टरी लेकला पहिले दिवसच निघत नाहीयेत

बर्फातलंभूत
सेलमध्ये द लाँग डार्क घेतला, बर्फाळ जंगलात जिवंत राहायचा गेम, स्टोरी बाजूला ठेवून डायरेक्ट सर्व्हायव्हल मोड चालू केला, व्हॉयेजर लेव्हल, मिस्टरी लेक. मित्र म्हणाला नवख्यांसाठी हाच मॅप सोपा. कुठला सोपा, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी राम नाम सत्य. होतं काय, जंगलात कुठेतरी उभा असतो, दिसेल ते उचलत सुटतो, काटक्या, दगड, फाटके कपडे, गंजके डबे सगळं, मग बॅग जड होते, माणूस रांगल्यासारखा चालायला लागतो, तेवढ्यात वारा सुटतो आणि समोरचं झाडसुद्धा दिसेनासं होतं. आग पेटवायला जावं तर काडी फुकट, पेटलीच तर वाऱ्याने विझते. त्यातून वाचलो तर लांडगा आहेच. काल एकाने फाडलं, बँडेज केलं, रक्त थांबलं, घर पण सापडलं, आत जाऊन झोपलो, पुढच्या दिवशी तब्येत उतरतच गेली आणि मेलो. का ते कळलंच नाही.

गेम काही सांगत नाही राव, मॅप पण कोरा. एका जागी घर करून बसायचं का फिरत राहायचं? बंदूक कुठे मिळते? नुसता बर्फ खाल्ला तर तहान भागते का? यूट्यूबवर लोक इंटरलोपर या एकदम अवघड लेव्हलवर शंभर शंभर दिवस काढतात ते बघून आपण माठ आहोत असं वाटायला लागलंय.

गोधडीवाली
पहिलं काम, इंटरलोपरचे व्हिडिओ बंद कर. त्या लेव्हलला बंदूक नसतेच, तयार चाकू-कुऱ्हाड पण मिळत नाही, भट्टी आणि जड हातोडा शोधून स्वतः घडवावं लागतं. त्या लोकांना अख्खा मॅप पाठ आहे आणि त्यांचे निर्णय त्या हिशोबाने असतात, तू बघून कॉपी केलंस तर मरशीलच. शिवाय जुने व्हिडिओ अजिबात धरू नकोस. गेम २०१४ मध्ये अर्ली ॲक्सेसला (म्हणजे अर्धवट तयार असतानाच विक्रीला) आला, पूर्ण रिलीज २०१७ च्या ऑगस्टमध्ये, आणि २०१८ ला त्यांनी स्वयंपाकाची सगळी पद्धतच बदलली, त्याआधीच्या व्हिडिओतला पाणी उकळायचा भाग आता लागूच होत नाही.

तू झोपून उठल्यावर का गेलास ते सांगते, बहुतेक इन्फेक्शन. लांडगा चावला की दोन वेगळ्या गोष्टी होतात. रक्त वाहतं, त्याला बँडेज. आणि जखम चिघळायचा धोका तयार होतो, त्याला बँडेज चालत नाही, अँटिसेप्टिक लागतं. बाटली नसेल तर झाडांवरून राखाडी-हिरवी दाढी लोंबत असते, ओल्ड मॅन्स बिअर्ड म्हणतात, ती तोडून तिची पट्टी बनवायची. हे वेळेत नाही केलं तर खरं इन्फेक्शन होतं, मग अँटिबायोटिक गोळ्या किंवा रेशी मशरूमचा चहा, आणि वर दहा तास झोप. तर फर्स्ट एडचं पान उघडून वाचत जा, तिथे नाव लिहिलेलं असतं काय झालंय त्याचं. ही दाढी, झाडाच्या बुंध्यावरची रेशी आणि लाल रोझ हिप्स (जंगली गुलाबाची फळं) दिसले की घेत जा, वजन नगण्य. दगडं मात्र दोन-चार बास, ससे मारण्यापुरती.

आता सुरुवात. पहिल्या दिवशी लक्ष्य एकच, रात्र पडायच्या आत छप्पर. मिस्टरी लेकमधून रेल्वेलाइन जाते, रूळ सापडले की रूळ धर. तळ्याच्या काठाला, रुळांजवळच कॅम्प ऑफिस आहे, दोन मजली, आत शेगडी, पलंग, कपाटं. ते मिळालं की निम्मी लढाई झाली. तिथून समोर गोठलेल्या तळ्यावर मासेमारीच्या झोपड्या दिसतात.

बर्फ नुसता खाता येत नाही. आगीवर डबा ठेवून आधी वितळवायचा, मग तेच पाणी उकळेपर्यंत थांबायचं. वितळल्या वितळल्या उचललंस तर ते न पिण्यासारखं असतं, पिऊन जुलाब. आणि विसरून बाहेर गेलास तर डब्यातलं आटून जातं. जुन्या डब्यात अर्धा लिटर होतं, भांडं मिळालं तर जास्त. आणि हो, घरांमधले संडासाचे टँक उघडून बघ, हसू नकोस, त्यातलं पाणी या गेममध्ये सरळ पिण्यालायक असतं.

कोरडीभाकर
ताईंचं सगळं बरोबर पण कॅम्प ऑफिसात घर करून बस या सल्ल्यानेच अर्धी जनता मरते, कंटाळ्याने नाहीतर उपासमारीने. भावा घर करू नकोस, हिंडत रहा. जगायला लागणाऱ्या सगळ्या वस्तू मॅपभर पसरलेल्या आहेत, एका जागी बसलास की चार दिवसात कपाटं रिकामी आणि मग तू ऐन वादळात डबे शोधायला बाहेर. व्हॉयेजरला वर केबिन फीवर पण आहे, जास्त दिवस आतच बसलास तर माणसाला घरात झोपताच येत नाही, मग बाहेर गुहेत किंवा त्या मासेमारीच्या झोपडीत झोपावं लागतं.

खाण्याचं माझं गणित सांगतो. उपाशी राहिलं की तब्येत तासाला साधारण १ टक्का उतरते, म्हणजे काहीच नाही. थंडीने त्याच्या कितीतरी पट वेगाने उतरते, तहान मधे कुठेतरी. मग दिवसभर उपाशी हिंडायचं, झोपायच्या आधी पोटभर खायचं, झोपेत तब्येत भरून येते. निम्म्या अन्नात काम होतं.

तळ्याच्या, दलदलीच्या कडेला तपकिरी बोंडांचं गवत असतं ना, कॅटटेल, आपलं पाणकणीस, ते दिसलं की एकही सोडू नको. एका देठात १५० कॅलरी, कधी खराब होत नाही, शिजवायचं नाही, आणि बोंडाचं टिंडर (चटकन पेटणारं सुकं पेटवण) होतं, आग पेटवायला सुरुवातीला टिंडर लागतंच. मी तर कॅटटेलवरच जगतो.

गोधडीवाली
@कोरडीभाकर ही उपाशी राहायची ट्रिक जुन्या खेळाडूंची आहे, चालते, पण नवीन माणसाला का देताय. सलग तीन दिवस पोटाचा मीटर शून्यावर जाऊ दिला नाही तर वेल फेड नावाचा बोनस मिळतो, ५ किलो जास्त उचलता येतं आणि तब्येतीची मर्यादा ५ टक्क्यांनी वाढते. ज्याचा मूळ प्रॉब्लेमच जड बॅग आहे त्याला हे ५ किलो सोन्यासारखे आहेत. तुमच्या पद्धतीत तो मिळतच नाही. आणि उपाशी, थकलेला, वर लांडगा, अशी वेळ आली तर हाताशी उरतं काय?

हिंडायचं हे मान्य आहे. मी पण बसून रहा म्हटलं नव्हतं, रात्रीच्या आत छप्पर गाठ म्हटलं होतं.

कोरडीभाकर
बरं बाई, वेल फेड घ्या. पण कॅटटेलवर तडजोड नाही.

एडमंटनकर
उशिरा आलो. मी कॅनडातच असतो, जानेवारीत इथे उणे ३० चे दिवस येतात, म्हणून या गेममध्ये मला लांडग्यापेक्षा कपड्यांच्या स्क्रीनचं जास्त कौतुक आहे. गेमवाले हिंटरलँड पण इथलेच, व्हँकूव्हर आयलंडचे, आणि थंडी कशी मारते ते त्यांना बरोबर कळलंय. गेममधलं ग्रेट बेअर आयलंड मात्र काल्पनिक आहे, नकाशावर शोधू नका.

मूळ प्रश्नकर्त्याने लांडगा, बंदूक विचारलं, पण पोस्ट नीट वाचली तर त्याला दरवेळी वाऱ्यानेच घेरलंय. स्टेटस उघड, तिथे हवेचं तापमान वेगळं, विंड चिल वेगळा आणि कपड्यांची ऊब वेगळी दाखवतात, सगळ्याची बेरीज करून फील्स लाइक येतं. हवा उणे ८ असली तरी वाऱ्याने ती उणे २० सारखी लागू शकते. तर बाहेर पडायच्या आधी दार उघडून नुसता एक मिनिट उभा रहा. वारा असेल तर आत ये, कपडे शिव, पाणी उकळ, झोप. चालताना वारा सुटला तर पुढे रेटायचं नाही, मोठा खडक, गुहा, बंद पडलेली गाडी, काहीही आडोसा बघायचा, गाडीत बसलं तरी वारा लागत नाही. सोबत कापडाचे ५ तुकडे आणि १५ काटक्या असतील तर बर्फाचा निवारा बांधता येतो, पण त्याला वेळ जातो, अंगातली ऊब संपत आल्यावर सुरू करू नकोस.

कपडे थरांनी घालतात, आत पातळ लोकरीचं, बाहेर वारा अडवणारं. दोन स्वेटर चढवून वर काहीच नसेल तर वाऱ्यात उपयोग शून्य. प्रत्येक कपड्याला ऊब आणि वारा अडवायची ताकद असे वेगळे आकडे आहेत, दोन्ही बघ. फाटलेला कपडा तेवढी ऊब देत नाही, म्हणून शिवणाचं सामान आणि कापड कायम जवळ. घरातले पडदे फाडले की कापड मिळतं. आणि तळ्यावरून चालताना बर्फ करकरला, पातळ बर्फाची खूण दिसली, की आल्या पावली मागे. पाण्यात पडलास तर कपडे भिजून गोठतात, मग घर अगदी जवळ असलं तरी पोचणं अवघड. फ्रॉस्टबाइट (हिमदंश) झाली की तब्येतीची कमाल मर्यादा १० टक्क्यांनी कमी होते.

बर्फातलंभूत
बापरे, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं, तिघांचेही आभार. इन्फेक्शनचं शंभर टक्के बरोबर, मी फर्स्ट एडचं पान कधी उघडलंच नव्हतं. कॅम्प ऑफिस सापडलं आज! रुळांवरून चालत गेलो आणि वारा सुटल्यावर एका गुहेत थांबलो, काडेपेटी मात्र जवळजवळ संपली. काड्या कशा वाचवायच्या? आणि लांडग्याचं सांगा ना कुणीतरी, ऑफिसच्या बाहेर तळ्यावर एक फिरतोय.

कोरडीभाकर
काड्यांचं सोपं आहे. आग पेटली की विझू द्यायच्या आधी तिच्यातून टॉर्च काढून घे, जळकं लाकूड काढतो तसं. ती पेटती टॉर्च हातात धरून चाल, पुढच्या मुक्कामाला तिच्यानेच दुसरी आग पेटव, काडी वाचली. भिंग मिळालं तर अजूनच मजा, स्वच्छ उन्हात बाहेर फुकट आग. आणि आग विझली की तिच्यातला कोळसा उचल, त्याने मॅप काढता येतो. उंच जागेवर उभं राहून काढ, धुक्यात-वादळात काढता येत नाही.

लांडगा. टॉर्च त्याच्यावर फेकली तर बऱ्याचदा पळतो. बऱ्याचदा, नेहमी नाही. पळून मात्र बघू नकोस, तो तुझ्यापेक्षा जोरात पळतो. भुंकला म्हणजे त्याने तुला पाहिलंय, मग खाली बसून हळूहळू मागे सरक, जवळ कच्चं मांस असेल तर एक तुकडा टाक, तो त्यात अडकतो. मुळात कच्चं मांस घेऊन हिंडतोस म्हणूनच तो मागे लागतो, वासाच्या रेषा स्क्रीनवर दिसतात, वाढल्या की समजून जा. झटापट झालीच तर हातात चाकू-कुऱ्हाड असलेली बरी, नुसत्या हातांनी लढलास तर कपडे पण जातात.

बंदूक एका ठरलेल्या जागी नसते, दर गेमला बदलते. ट्रॅपरचं घर, फॉरेस्ट्री लुकआउटचा मनोरा, असल्या जागा बघत जा. सापडली तरी गोळ्या किती मिळतील सांगता येत नाही, तर तिच्या आशेवर बसू नको.

गोधडीवाली
ट्रॅपरच्या घराजवळ ससे असतात. दगड नीट नेम धरून मारला की ससा गुंगतो, मग पळत जाऊन उचलायचा, उशीर केला तर उठून जातो. मांस शिजवून खा, आणि कातडी, आतडी टाकून देऊ नको, घरात जमिनीवर ठेव, आतडं साधारण पाच दिवसात वाळतं. त्याच्यापासून मासेमारीची दोरी होते, गळ भंगारातून वर्कबेंचवर बनवायचा. मग समोरच्या झोपडीत आग पेटवून मासे, खाणं पण झालं आणि केबिन फीवर पण नाही. लांडग्याचं मांस मात्र सध्या खाऊ नको, शिजवलं तरी पोटात जंत होण्याचा धोका असतो, कुकिंगची स्किल पाचव्या लेव्हलला गेली की मग चालतं.

बर्फातलंभूत
भारी. रुळांवरनं पुढे गेलं की धरण आहे म्हणे, कार्टर हायड्रो. तिथे बरंच सामान असतं असं वाचलं, उद्या जाऊ का?

एडमंटनकर
जा, पण सकाळी, वारा नसताना, बॅग अर्धी रिकामी ठेवून, म्हणजे येताना ३० किलोच्या आत राहशील. खालच्या भागात कधी कधी एक लांडगा आतच असतो, खेळाडूंनी लाडाने त्याचं नाव फ्लफी ठेवलंय. नाव ऐकून गाफील राहू नकोस. टॉर्च पेटवूनच आत पाऊल टाक आणि दारापासून फार लांब जायच्या आधी थांबून आवाज ऐक.

कोरडीभाकर
आणि जाताना वाटेत कॅटटेल.