कपड्यातली चिप बिल झालं की मेलीच पाहिजे, का राहू द्यायची?

उसवण
परवा नवा शर्ट घातला तर डाव्या कुशीत सारखं काहीतरी टोचत होतं. उलटा करून बघते तर धुण्याच्या सूचनांच्या पट्ट्यांमागे अजून एक जाडसर पट्टी, उजेडात धरली की आत नागमोडी चकचकीत रेघा आणि मधे मोहरीहून बारीक ठिपका. आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी लांबूनच वाचता येणारी चिप. पट्टीवर कात्रीचं एवढंसं चित्रही होतं, म्हणजे कापा असं तेच सांगतायत, पण बिल करताना कोणी अवाक्षर काढलं नाही, टोचलं म्हणून मला कळलं. रागाच्या भरात सगळा गठ्ठाच कापून टाकला.

तर माझं म्हणणं असं. दुकानात माल मोजायला लावा ना टॅग, माझं काही जात नाही. पण बिल झालं की ती चिप तिथेच मेली पाहिजे, मी स्वतःहून राहू द्या म्हटलं तरच राहावी. बारकोड फक्त सांगतो की हा अमुक डिझाइनचा मध्यम मापाचा निळा शर्ट, तसले हजारो असतात. टॅगमध्ये प्रत्येक नगाचा वेगळा नंबर, म्हणजे त्या हजारातला नेमका माझा. आणि जो रीडर विचारेल त्याला ती चिप नंबर सांगत सुटते, मला न विचारता. उद्या रस्त्यात कोणीही खिशातला फोन काढून वाचेल. पटतंय का कोणाला, का मीच येड्यासारखी कात्री घेऊन बसलेय?

नुसता वाचक
टोपीला आतून फॉइल लावलंय का ताई? ह. घ्या.

गोदामातला माणूस
अजिबात पटलं नाही. कपड्यांच्या दुकानात नऊ वर्षं स्टॉक बघितलाय म्हणून बोलतो. पूर्वी वर्षातून दोनदा रात्रभर बसून एकेक नग बारकोडने मोजायचा, पहाटेपर्यंत डोळे तारवटलेले, आणि दुसऱ्या दिवशी विक्री सुरू झाली की आकडा परत बोंबलला. कॉम्प्युटर म्हणतो मोठ्या मापाचा लाल स्वेटर एक शिल्लक, गिऱ्हाईक समोर उभं, आणि तो एक नग ट्रायल रूमच्या खुंटीवर नाहीतर कोणीतरी भलत्याच रॅकमध्ये कोंबलेला. टॅग नसले तर कॉम्प्युटरमधला आणि रॅकवरचा आकडा जुळायचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास धरतात या धंद्यात, टॅग लावले की ९५ च्या वर जातं. हातात रीडर घेऊन रॅकच्या कडेने चालत जायचं बस, सेकंदाला शेकडो टॅग, घडी न मोडता, खोकं न उघडता. दर आठवड्याला मोजणी होते. एखादा नग शोधायचा असला तर त्याचा नंबर टाकायचा, जवळ गेलं की रीडरची टिकटिक वाढते, लपाछपीच.

आणि चिपमध्ये असतं काय? एक नंबर. नाव नाही, पत्ता नाही. काउंटरवर मोबाइल नंबर विचारला की तुम्ही खडाखडा सांगता, तेव्हा कुठे जाते ती कात्री?

उसवण
मी नाही सांगत. त्यावरून तिथे दरवेळी तोंडं वाकडी होतात ती वेगळी.

लहरी
दोघांचंही थोडं थोडं चुकतंय, जरा लांबण लागेल.

फोनचं आधी. कपड्यांवरचे टॅग ८६० ते ९६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, फोनमधलं एनएफसी (फोन टेकवून पैसे देतात ते) १३.५६ मेगाहर्ट्झवर, त्यामुळे खिशातला साधा फोन हे वाचू शकत नाही. चिपला बॅटरी नसते, रीडरने फेकलेल्या लहरींवरच ती जागी होते आणि त्याच लहरी थोड्या बदलून परतवते, तेच तिचं उत्तर. म्हणजे उपग्रहावरून कोणी तुमचा शर्ट बघतंय हे डोक्यातून काढून टाका. मोकळ्यावर चांगला रीडर ५ ते १० मीटरवरून वाचतो, पण अंगाला चिकटलेल्या कपड्याचं अंतर खूप कमी होतं, कारण शरीरातलं पाणी या लहरी गिळतं.

आता गोदामवाल्यांचं. "फक्त एक नंबर" हे वाक्य ऐकून ऐकून कंटाळा आलाय. नंबर साधारणपणे ९६ बिटांचा, त्यातले ३८ बिट निव्वळ नगाच्या अनुक्रमांकाला, म्हणजे एकाच डिझाइनच्या एकाच मापाचे २७ हजार कोटींहून जास्त नग वेगवेगळे ओळखता येतील. अहो, तसा नंबर असला की नाव लागतंच कशाला? तोच नंबर दर आठवड्याला त्याच दारातून आत येताना दिसला की कोणीतरी नेहमीचं माणूस आलं एवढं कळलंच, आणि त्या माणसाने एकदा कार्डाने पैसे दिले की नंबराला नाव चिकटलं ते चिकटलं. गावभर मोबाइल नंबर वाटला तर तो निदान आपण आपल्या तोंडाने सांगतो.

मारायची सोय मात्र पहिल्यापासून आहे. या टॅगांच्या २००४ च्या जेन-२ मानकातच किल कमांड, म्हणजे चिप मारायचा हुकूम, आहे, ३२ बिटांचा पासवर्ड पाठवला की चिप कायमची गप्प. गोम अशी की तो पासवर्ड शून्यच ठेवला असेल तर मानकाप्रमाणे चिपने मरायला नकार द्यायचा असतो. म्हणजे कारखान्यातून टॅग आला तसाच शून्य ठेवून कपड्याला लावला तर काउंटरवरच्या माणसाने मनात आणलं तरी तो मारू शकत नाही. काउंटरवर कपडा घासून जे "टुं" करतात ते बऱ्याच ठिकाणी चोरीच्या भोंग्याच्या पट्टीसाठी असतं, ती पट्टी वेगळी, चिप तशीच जिवंत घरी येते.

उसवण
फोनचं मागे घेते, चुकलं. बाकीचं वाचून कात्री अजून धारदार झाली.

आणि हे भांडण काही आजचं नाही. मार्च २००३ मध्ये फिलिप्सने जाहीर केलं की बेनेटनच्या कपड्यांत त्यांच्या चिपा बसणार, लगेच अमेरिकेतल्या ग्राहकांच्या गोपनीयतेसाठी भांडणाऱ्या गटाने बहिष्काराची हाक दिली, आणि काही आठवड्यांत बेनेटनने सांगितलं की आम्ही अजून कुठल्याच कपड्यात चिप घातलेली नाही, नुसता अभ्यास चाललाय. मग मे २००९ मध्ये युरोपीय आयोगाने शिफारस केली की दुकानाने विक्रीच्या जागीच टॅग निकामी करावा, ताबडतोब आणि फुकट, गिऱ्हाईक ठेवा म्हणालं तरच ठेवावा. मी वर जे म्हणतेय ते हेच की. माझ्या डोक्यातून आलेलं फॅड नाही.

गोदामातला माणूस
तीच शिफारस पुढे वाचा ना ताई. आधी धोक्याचा अभ्यास करायचा आणि धोका नाही असं निघालं तर टॅग चालू ठेवला तरी हरकत नाही, फक्त निकामी करायची फुकट सोय ठेवायची, असंही त्यात आहे. आणि शिफारस म्हणजे कायदा नव्हे.

शिवाय चांगली उदाहरणं का नाही देत? झारा ब्रँडच्या मालक कंपनीने, इंडिटेक्सने, २०१४ मध्ये चिप कुठे बसवली, तर चोरीच्या भोंग्याच्या त्या कडक प्लॅस्टिकच्या टॅगमध्ये. काउंटरवर तो टॅग काढतात, परत नव्या कपड्याला लावतात. चिप दुकानातच राहते, गिऱ्हाइकाच्या घरी जातच नाही. मिटलं की नाही भांडण?

लहरी
मिटलं होतं, २०२३ पर्यंत. त्या वर्षी त्याच कंपनीने कडक टॅग काढून कपड्यातच बसवलेल्या चिपेवर जायचं जाहीर केलं. ट्रायलला आणि बिलाला सोपं पडतं म्हणून. मला स्वतःला आधीचं डिझाइन फार आवडायचं, म्हणून जास्त लागलं.

गोदामातला माणूस
बरं हा मुद्दा तुमचा. पण चिप राहिली तर गिऱ्हाइकाचाही फायदा आहे हे कोणी बोलतच नाही. बिल हरवलं तरी बदलून घेता येतं, खरा माल की नकली ते कळतं, आणि कपडा फाटून रिसायकलिंगला गेला की तो कशाचा बनलाय ते चिपवरून कळलं तर वेगळा काढता येतो. युरोपात २०२४ च्या कायद्याने डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट, म्हणजे वस्तूची माहिती स्कॅन करून बघायची सोय, येतोय, कापड त्यात पहिल्या रांगेत आहे. काउंटरवर चिप मारली की हे सगळं गेलं.

उसवण
त्याला क्यूआर कोड चालतो की. तो छापलेला दिसतो, वाचायचा तर माझा शर्ट कोणीतरी समोर धरावा लागतो, पाठीमागून जाता जाता नाही वाचता येत.

भट्टीची घडी
सगळे दुकानावरच अडकलेत म्हणून लाँड्रीच्या बाजूने लिहितो. आमची मोठी लाँड्री, हॉटेलं आणि हॉस्पिटलांच्या चादरी, टॉवेल, अभ्रे, युनिफॉर्म. इथे बराचसा माल लाँड्रीच्याच मालकीचा, भाड्याने जातो आणि परत येतो, त्यामुळे चिप मारायची भाषाच आमच्याकडे गैरलागू. उलट ती मरू नये म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसतो. दुकानातला कागदी टॅग आमच्याकडे चार दिवस टिकणार नाही. आमचे टॅग कापडी नाहीतर सिलिकॉनच्या मऊ पट्टीतले, शिवणीत घातलेले, २०० धुलाया सोसतील असे. त्यात पाणी पिळणारा प्रेस, तो ६० बारपर्यंत दाबतो, मग रोलरची इस्त्री १८० अंशांच्या पुढेमागे, हॉस्पिटलच्या मालाला वर १३४ अंशांची वाफ. काही टॅगांत चिप अँटेनाला जोडलेलीच नसते, नुसती शेजारी बसून चुंबकीय क्षेत्रातून बोलते, कारण जोड म्हटला की तो दाबाखाली तुटणारच.

टॅग यायच्या आधीचं रोजचं भांडण सांगतो. हॉटेल म्हणणार ४०० टॉवेल दिले, आम्ही म्हणणार ३८८ आले, १२ गेले कुठे? दोघांकडे वही, दोन्ही वह्या हाताने लिहिलेल्या. आणि हॉस्पिटलचा मळका माल मोजायचा म्हणजे माणसाने रक्ता-पुवाने भरलेल्या चादरी एकेक उचलून मोजायच्या, त्यात कधी विसरलेली सुई. आता पिशवी बंदच्या बंद रीडरच्या बोगद्यातून जाते, कोणी हात लावत नाही. या एका गोष्टीसाठी मी आरएफआयडीला शंभर गुन्हे माफ करीन. वर कुठली चादर किती वेळा धुतली ते कळतं, विरायच्या आत बाजूला काढता येते.

कटकटी आहेत. लोखंडी जाळीची ट्रॉली लहरी परतवते, शेजारची ट्रॉली भलतीच मोजली जाते, म्हणून बोगद्याला आतून पत्रा मारून झाकावं लागतं. ओला गोळा झालेला माल नीट वाचला जात नाही.

रात्रपाळी
भट्टीदादा, तुमचं शेवटचं वाक्य माझ्या अंगावर आलंय म्हणून लिहिते. मी नर्स. आमच्याकडे ड्यूटीचे ड्रेस मशीनमधून मिळतात, कार्ड दाखवायचं, दोन ड्रेस आपल्या नावावर, मळका टाकला की नवा मिळतो. एका रात्री पेशंटने अंगावर उलटी केली, तो ड्रेस टाकला, दुसरा घातला, तासाभरात तोही रक्ताने भिजला. तोही पेटीत टाकला आणि कार्ड लावलं तर मशीन म्हणतं तुमच्याकडे दोन ड्रेस बाकी आहेत. ओले गोळे पेटीत पडलेले, वाचलेच गेले नाहीत. पहाटेपर्यंत पेशंटचा गाऊन घालून फिरले मी, आणि आठ दिवसांनी वर विचारणा, दोन ड्रेस कुठे गेले.

पण खरी गंमत पुढेच आहे. ड्रेस घरी जाऊ नयेत म्हणून दारात रीडर लावला. ठीक. नंतर लक्षात आलं की ड्रेस बाहेर गेला की त्याची वेळ पडते, आणि ड्रेसच्या आत मी असते. सुपरवायझरने एकदा सहज विचारलं, रात्री तीन वेळा बाहेर गेलीस का गं? चादरींना कोणी असं विचारत नाही. माल लाँड्रीचा म्हणून चिप मारायची नाही हे मान्य, पण मग शर्टवाल्या ताई निदान कापू तरी शकतात, मी कापला तर दंड.

भट्टीची घडी
ताई, ओल्या मालाचं तर सरळ सेटिंगचं चुकलंय. वाचलं गेलं नाही याचा अर्थ आला नाही असा धरायचाच नसतो, पेटी रिकामी करून मोजल्याशिवाय कोणाच्या नावावर बाकी टाकायची नाही. आमच्याकडे तसंच करतात. दाराच्या रीडरचं मात्र लाँड्रीला कशाला हवंय? आम्हाला ड्रेसचा नंबर पुरतो. तो कार्डाला जोडायचा की नाही हे हॉस्पिटल ठरवतं.

रात्रपाळी
हो ना, प्रत्येक जण म्हणतो पुढचं आमच्याकडे नाही. टॅगवाला म्हणतो फक्त नंबर, तुम्ही म्हणता फक्त ड्रेस, हॉस्पिटल म्हणतं फक्त चोरीसाठी. आणि तीन वेळा बाहेर गेल्याचं मला माहीत नव्हतं तेवढं सुपरवायझरला माहीत.

गोदामातला माणूस
हे वाईट आहे, इथे वाद नाही. तरी मी म्हणेन दोष दाराच्या रीडरचा, टॅगचा नाही. दुकानाच्या टॅगला हे लावू नका.

उसवण
मग दुकानाच्या दारात पण चोरीसाठी रीडर लावतातच की. जुना शर्ट घालून परत आले तर तो वाचला जाईल का नाही?

लहरी
वाचला जाऊ शकतो. चिपेत विकलं गेल्याची खूण करतात किंवा विकलेल्यांच्या यादीत नंबर बघतात, नाहीतर प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकावर भोंगा वाजेल. म्हणजे भोंगा वाजू नये एवढ्यासाठी तरी तुमचा नंबर वाचावा लागतोच.

गोदामातला माणूस
वाचून टाकून देतात, साठवत नाहीत.

उसवण
ते तुम्ही नऊ वर्षं बघितलंत का?

गोदामातला माणूस
स्टॉक माझ्याकडे होता, दार सिक्युरिटीकडे.

रात्रपाळी
बघा, झालं सुरू.

नुसता वाचक
फॉइलचं मागे घेतो. पण ताई, गठ्ठाच कापलात म्हणता, मग शर्ट धुतला कसा?

उसवण
अजून नाही धुतला. भट्टीदादा, सांगा की, गार पाण्यात का कोमट? इस्त्री किती गरम?

भट्टीची घडी
आधी सांगा कापड कुठलं आहे, सुती, व्हिस्कोस, का मिक्स?

उसवण
ते त्या पट्टीवर लिहिलेलं होतं.