दाढ काढण्याआधी हे विचारा
आईंची खालची दाढ रूट कॅनल करूनही पुन्हा दुखतेय आणि डॉक्टर थेट काढायला सांगताहेत, असं तुम्ही लिहिलंय. कृपया घाई करू नका. आधी जुनं रूट कॅनल उघडून पुन्हा करता येईल का, ते विचारा. आत पोस्ट (कॅपला आधार द्यायला मुळात बसवलेली दांडी) वगैरे असल्यामुळे ते जमत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा.

माझ्या वरच्या पुढच्या दातावर अशीच शस्त्रक्रिया, एपिकोएक्टॉमी, झाली. हिरडी उघडून मुळाच्या टोकाचा साधारण ३ मिलिमीटर भाग आणि भोवतीचा संसर्ग काढतात, मग ते टोक एमटीए नावाच्या सिमेंटने बंद करतात. फक्त जागा बधिर केली होती. पुण्यातच कोथरूडहून डेक्कनला रिक्षाने गेले आणि रिक्षानेच परत आले. दोन दिवस ओठ सुजला, एवढंच. खालच्या दाढेत हे जास्त अवघड, कारण मुळांजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते. पण त्या दाढेला बहुधा दोन मुळं असतात. एकच खराब असेल तर दाढ मधोमध कापून तेवढा भाग काढता येतो, उरलेल्या अर्ध्यावर कॅप बसते.

मूळ उभं चिरलं असेल, तर मात्र ते वाचवणं सहसा शक्य नसतं. बारीक चीर कधी कधी सीबीसीटी स्कॅनमध्येही (दातांच्या त्रिमितीय एक्स-रेमध्ये) दिसत नाही, हिरडी उघडल्यावरच कळते. तरी स्कॅन करून एंडोडॉन्टिस्टचं, म्हणजे रूट कॅनलच्या तज्ज्ञाचं, मत घ्याच. खर्चाची काळजी असेल तर धनकवडीला भारती विद्यापीठाच्या डेंटल कॉलेजात चौकशी करा. आणि आईंना मधुमेह असेल किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा.